खांबासारखे वाढणारे काटेरी निवडुंग: माती, पाणी, कूज आणि कलम

कोरडी_कुंडी (धागाकर्ता)

सेरियस, पिलोसोसेरियस, पांढऱ्या केसांचा सेफॅलोसेरियस आणि त्यांच्याच रांगेत हमखास ठेवले जाणारे खांबासारखे युफोर्बिया, या सगळ्यांसाठी वेगळा धागा काढतोय. छोट्या गोल निवडुंगांचे नियम यांना अर्धेच लागू पडतात, आणि त्याला कारण उंची.

दीड मीटर उंच, आठ सेंटिमीटर जाड खोड घ्या. हिशोबाने तो साडेसात लिटरचा दंडगोल झाला. धारांमधल्या खाचा वजा केल्या तरी पाच-सहा किलो वजन उरतं, तेही बहुतेक पाण्याचंच, आणि हे सगळं उथळ मुळांच्या एका जाळ्यावर उभं असतं. त्यामुळे मातीलगतच्या चार बोटांत काही बिघडलं की अख्खं झाड जातं. वरचा शेंडा हिरवागार दिसत असताना बुडात कूज पसरलेली असू शकते, कारण खोडातल्या साठ्यावर शेंडा बराच काळ तग धरतो.

म्हणून झाड रोज बघायचं ते खालून वर. बुडाशी बोट किंवा पेन्सिलीची मागची बाजू दाबून बघा. टणक लागलं तर ठीक. दबलं, ओलसर लागलं किंवा वास आला तर पाणी तिथेच बंद.

माझं मिश्रण आकारमानाने असं आहे: ३ ते ६ मिलिमीटरचे प्युमिसचे (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा विटांचे तुकडे ३ भाग, २ ते ४ मिलिमीटरची जाड वाळू १ भाग, चाळलेलं जुनं कंपोस्ट २ भाग. विटांचे तुकडे चाळून, धुऊन घ्यायचे. २ मिलिमीटरच्या खालचा भुगा टाकून द्यायचा, कारण तोच पोकळ्या बुजवतो. भरलेल्या कुंडीत वरून पाणी ओतलं की १०-१५ सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. पृष्ठभागावर तळं साचत असेल तर मिश्रण बारीक आहे.

---

त्रिधारी

चांगला धागा. आधी ओळखीचं बोलू या, नाहीतर पुढचे निम्मे सल्ले चुकीच्या झाडाला जातील. मराठीत आपण दोघांनाही निवडुंगच म्हणतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, पण त्रिधारी निवडुंग म्हणजे युफोर्बिया. कुळच वेगळं.

काटे कुठून निघतात ते बघा. कॅक्टसच्या धारेवर ठरावीक अंतरावर लवदार, गादीसारखा ठिपका असतो, त्याला एरिओल म्हणतात. काट्यांचा झुबका त्यातूनच येतो आणि फूल व फांदीसुद्धा तिथूनच फुटते. युफोर्बियाला ही गादी नसते. बहुतेक खांबी युफोर्बियांत काटे जोडीने, एका कडक खपल्यासारख्या तळातून निघतात. खात्री हवी असेल तर सुईने अगदी हलकं टोचा. पांढरा चीक आला तर युफोर्बिया. काही मॅमिलॅरियांनाही चीक येतो, पण ते खांबासारखे उंच होत नाहीत, तेव्हा इथे गोंधळ नाही.

तिसरा भिडू पॅकिपोडियम लामेराय. मादागास्करचा. खोड काटेरी आणि वर ताडासारखा पानांचा झुबका. त्याचे काटे तिनाच्या गटात असतात. थंडीत तो पानं टाकतो, म्हणजे मेला नाही. पानं गळल्यावर पाणी वाढवणं हीच त्याला मारायची सगळ्यात खात्रीची पद्धत.

---

खडेमीठ

कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी टाकायची ना? निचऱ्यासाठी सगळेच सांगतात.

---

कोरडी_कुंडी

नाही. सगळे सांगतात हे खरं, पण होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती तिच्या तळाशी पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. हा ओला पट्टा किती उंच असेल ते मातीच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणजे खडी टाकून तुम्ही तोच पट्टा दोन इंच वर, बुडाच्या जवळ आणून ठेवता. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा म्हणजे माती गळणार नाही. तेवढं पुरे.

खडी वर मात्र जरूर टाका. बुडाभोवती एक-दीड सेंटिमीटर जाड थर दिला की मान (खोड मातीला मिळतं ती जागा) ओल्या मातीला टेकत नाही आणि पाणी घालताना चिखल उडत नाही.

---

खडेमीठ

समजलं. पण खडीच्या वजनामुळे कुंडी कलंडत नाही, त्याचं काय?

---

मुळाखाली

त्यासाठी कुंडीत कुंडी. झाड आपल्या मापाच्या कुंडीत ठेवायचं आणि ती कुंडी एका रुंद, जड कुंडीत ठेवून मधल्या फटीत दगड भरायचे. बाहेरच्या कुंडीलाही भोक हवं, नाहीतर आत पाणी साचेल आणि आठवडाभर कळणारही नाही.

झाड उंच आहे म्हणून मोठी कुंडी देणं ही नेहमीची चूक. मुळांच्या गड्ड्यापेक्षा चारही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर जास्त, एवढंच माप. ज्या मातीत मुळं पोचलेली नाहीत तिच्यातलं पाणी कोणी पीत नाही, ती नुसती ओली बसून राहते. खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी बरी. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातल्या सग्वारो या उंच कॅक्टसचं बघा ना: एक जाड मूळ सरळ खाली जातं, पण बाकीचं जाळं जमिनीखाली जेमतेम वीतभर आणि बाजूला जवळजवळ झाडाच्या उंचीइतकं पसरतं.

---

शेंडा_बारीक

खिडकीजवळच्या सेरियसचा खालचा भाग मनगटाएवढा आहे, पण वरचे २० सेंटिमीटर फिकट हिरवे आणि अंगठ्याएवढे बारीक. उन्हात ठेवलं की जाड होईल का?

---

त्रिधारी

होणार नाही. उजेड कमी आणि पाणी-ऊब चालू, अशा वेळी शेंडा उजेड शोधत ताणला जातो. नंतर ऊन मिळालं की पुढची वाढ जाड येते, पण बारीक भाग जवळपास तसाच राहतो आणि झाडाला कंबर पडते. वर पुन्हा दोन-तीन किलोचा खांब वाढला की वाऱ्यात तिथेच मोडतो. बारीक व्हायला जिथे सुरुवात झाली त्याच्या ३-४ सेंटिमीटर खाली, जाड भागात कापा.

थंडीच्या दिवसांत अंधाऱ्या पण उबदार खोलीत ठेवून पाणी घालत राहिलं तरी अशीच कंबर पडते. उजेड देता येत नसेल तर पाणी थांबवून वाढ रोखायची.

आणि थेट कडक उन्हात उचलून ठेवू नका. सावलीत वाढलेली त्वचा भाजते. आधी पांढरट-पिवळी पडते, मग भुरी, खरखरीत. तो डाग जन्मभर राहतो. पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण ऊन. मध्ये ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी वापरली तर काम सोपं होतं. कुंडी बदलताना उन्हाकडच्या बाजूला खडूने खूण करा आणि तीच बाजू पुन्हा उन्हाकडे ठेवा. आतापर्यंत सावलीत राहिलेली पाठ अचानक पश्चिमेच्या उन्हाला दिली तरी असंच भाजतं. हे फार कमी लोक पाळतात.

---

पाणवठा

पाणी किती दिवसांनी? एक आकडा सांगा बुवा.

---

मुळाखाली

आकडा सांगितला की झाड मेलंच म्हणून समजा. :) कुंडी, मिश्रण, ऊन आणि रात्रीचं तापमान यांवर तो दर महिन्याला बदलतो. त्याऐवजी लाकडी काडी भोकातून किंवा कडेने तळापर्यंत घालून दहा मिनिटं ठेवा. काडी काळपट, गार किंवा मातीने माखलेली आली तर थांबा. कोरडी आली की वाढीच्या हंगामात तीन-चार दिवस आणखी थांबून भरपूर पाणी द्या, तळातून वाहेपर्यंत. बशीतलं पाणी लगेच ओता. दर दोन दिवसांनी कपभर, हा प्रकार सगळ्यात वाईट: वरचा थर ओला राहतो, खालची मुळं वाळतात आणि मान कुजते.

थंडीचा हिशोब वेगळा. मूळ थंड असताना पाणी ओढत नाही, म्हणून १० अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की पाणी बंद. कोरडा सेरियस ५ अंशांपर्यंत निभावतो. ओला असेल तर त्याच थंडीत कुजतो. निळा पिलोसोसेरियस आणि युफोर्बिया ट्रायगोना यांना १०-१२ अंशांच्या खाली नेऊच नका.

धारा आत ओढल्यासारख्या, खाचा खोल झालेल्या दिसल्या तर झाड तहानलेलं असेल. पण आधी माती बघा. माती ओली असूनही झाड सुरकुतलेलं असेल तर ते तहानलेलं नाही, त्याची मुळं गेलेली आहेत. त्यावर पाणी घालणं म्हणजे आगीत तेल.

---

पाणवठा

आणि उन्हात वाळलेल्या झाडाला एकदम भरपूर दिलं तर? उभी चीर पडलेली पाहिली आहे.

---

मुळाखाली

पडते. आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. नत्र जास्त दिलं असेल तर हमखास. फार काळ कोरडं राहिलेलं असेल तर पहिल्यांदा अर्धंच पाणी, आठवड्याने पूर्ण. चिरेला काही लावायचं नाही, कोरडी राहू द्यायची. खपली धरून ती बंद होते, वण राहतो.

---

भुरा_बुंधा

खालचे १५ सेंटिमीटर तपकिरी झालेत. ही कूज की म्हातारपण? फोटोवरून कळेना.

---

कोरडी_कुंडी

फोटोवरून कळत नाही, बोटावरून कळतं. वयाने येणारी साल मातीजवळून सुरू होऊन सावकाश वर चढते, भुरी-करडी, कोरडी, लाकडासारखी टणक. नख रुतत नाही. तिला औषध नको.

कूज काळपट, नारिंगी किंवा पाणी धरल्यासारखी पारदर्शक दिसते. कडा पुसट आणि दिवसागणिक सरकणारी. शंका असेल तर पेनने कडेवर रेघ मारून तारीख टाका. चार दिवसांत डाग रेघेच्या वर गेला तर सुरी काढा.

---

कोरडी_कुंडी

कापायची वेळ आलीच तर पद्धत सविस्तर लिहून ठेवतो, कारण घाईत नेमके हेच टप्पे सुटतात.

खोडाला जुन्या सतरंजीची पट्टी किंवा अनेक घड्या घातलेलं वर्तमानपत्र गुंडाळून एकाने धरायचं. उंच झाड असेल तर वरचं टोक दुसऱ्याने पकडायचं. एकट्याने कापलं तर शेवटच्या बोटभर जागी खोड स्वतःच्या वजनाने फाटतं आणि फाटलेली जखम नीट भरत नाही. कापण्याआधी खोडावर वरच्या दिशेचा बाण काढा. कापून आडवं ठेवलेल्या सरळ तुकड्याचं वर-खाली विसरतं, आणि उलटं लावलेलं नीट वाढत नाही.

लांब, पातळ पात्याची सुरी ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. कुजलेल्या भागाच्या पाच सेंटिमीटर वर पहिला काप. आता कापलेला चेहरा नीट बघा. मधोमध मऊ गाभा, त्याभोवती वाहिन्यांचं कडं, बाहेर हिरवट-पांढरा गर. कड्यात एक जरी तपकिरी किंवा नारिंगी ठिपका दिसला तरी सुरी पुसून आणखी दोन सेंटिमीटर वर कापा. दर वेळी सुरी पुसायचीच, नाहीतर कूज तुम्हीच वर नेता. चेहरा पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. चांगला भाग वाया जातोय म्हणून हात आखडला तर महिन्याने सगळंच जातं.

मग धारांची खालची कड पेन्सिलीच्या टोकासारखी तिरपी तासा, सुमारे ४५ अंशांत. हे शोभेसाठी नाही. वाळताना गर आक्रसतो, साल आक्रसत नाही, त्यामुळे सपाट काप वाटीसारखा आत जातो. मुळं निघतात वाहिन्यांच्या कड्यातून, आणि ते कडं वाटीच्या आत अधांतरी राहिलं तर मुळांना माती सापडत नाही.

कापावर गंधकाची पूड लावली तर चांगलं, नसेल तर नुसतं कोरडं ठेवा. मेण, गोंद, रंग काहीही फासू नका, आत ओल कोंडते. सावलीत, हवेशीर जागी उभं ठेवा. आडवं ठेवलं तर शेंडा वर वळतो आणि मुळं कधी कधी भलत्याच बाजूने फुटतात. पाच-सात सेंटिमीटर जाड खोडाला दोन ते तीन आठवडे, दहाच्या वर असेल तर चार ते सहा. काप बोटाने टकटक केला की पुठ्ठ्यासारखा वाजला पाहिजे.

---

खडेमीठ

सहा आठवडे मुळांशिवाय? वाळून जाणार नाही का?

---

त्रिधारी

नाही. यांची रंध्रं दिवसा बंद आणि रात्री उघडी असतात. कर्बवायू रात्री घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा तो वापरतात. म्हणून पाण्याची नासाडी फार थोडी. मीटरभराचा तुकडा काही महिने नुसता उभा ठेवला तरी जगतो. घाईने लावलेला मात्र दहा दिवसांत कुजतो.

लावताना फार खोल पुरू नका. ४-५ सेंटिमीटर पुरे, बाकी आधार काठ्यांवर. तीन काठ्या त्रिकोणात रोवून रुंद कापडी पट्टीने दोन उंचींवर बांधा. तार नको, धारेत रुतते. मिश्रण जेमतेम दमट, २० ते २५ अंश किंवा थोडं वर तापमान, उजेड पण थेट दुपारचं ऊन नाही. तीन-चार आठवड्यांनी खोड अगदी हलकं हलवून बघा. प्रतिकार जाणवला म्हणजे मुळं धरली, तेव्हा पहिलं खरं पाणी.

---

काटेकोर

युफोर्बियाबद्दल त्रिधारींनी ओळख सांगितली, धोका सांगायचा राहिला. चीक त्वचेला झोंबतो, फोड आणतो. डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होऊ शकते. कापताना बंद चष्मा आणि हातमोजे दोन्ही. नुसते हातमोजे घालून त्याच हाताने घाम पुसणारे खूप. कापाच्या दोन्ही चेहऱ्यांवर कोमट पाणी सोडत राहा, चीक थांबेपर्यंत. वाळवण्याआधी तो धुतला नाही तर कापावर रबरासारखा थर बसतो आणि मुळं यायला त्रास होतो. त्वचेला लागला तर साबण लावून धुवा, नुसत्या पाण्याने नीट निघत नाही. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि थेट डॉक्टरकडे. लहान मुलं आणि पाळीव प्राणी घरात असतील तर हे झाड हाताच्या उंचीवर नकोच.

---

पिठ्या_पुराण

किडींवर कोणी लिहिलंच नाही.

पिठ्या ढेकूण धारांच्या खाचांत आणि काट्यांच्या बुडाशी कापसासारखा दिसतो. थोडे असतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. दर पाच-सहा दिवसांनी, किमान चार वेळा, कारण अंडी एका फेरीत जात नाहीत. खवले कीड नखाने किंवा मऊ ब्रशने खरवडावी लागते. लाल कोळी डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण शेंड्याकडून खाली गंजल्यासारखा तांबूस रंग चढत आला की तोच. कोरड्या, कोंदट हवेत जास्त. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, सरकणारे ठिपके दिसतील.

झाड काही केल्या वाढत नसेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर मुळांचा पिठ्या ढेकूण. माती पूर्ण झटका, मुळं धुवा, आठवडाभर सावलीत वाळवा, नवीन मिश्रणात लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

कडुनिंबाचं तेल: एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि मिसळण्यापुरता १ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण. संध्याकाळी मारा, उन्हात मारलं तर भाजतं. पण निळ्या पिलोसोसेरियसवर तेल किंवा साबण मारू नका. तो निळा रंग त्वचेवरच्या मेणाच्या थराचा आहे. एकदा पुसला गेला की त्या जागी परत येत नाही, फक्त नवीन वाढ निळी येते. बोटांचे ठसेसुद्धा राहतात.

---

रात्रफूल

सेरियसला फूल येतं पण फळ धरत नाही. खत कमी पडतंय का?

---

काटेकोर

खताचा दोष नाही. फूल रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मिटतं, निसर्गात ते काम पतंग आणि वटवाघळांचं. शिवाय सेरियस बहुधा स्वतःच्या परागांनी फळत नाही. एकाच झाडापासून काढलेली दहा कलमं म्हणजे जनुकांनी एकच झाड, त्यांचे पराग एकमेकांना चालत नाहीत. वेगळ्या बियांपासून आलेलं दुसरं झाड त्याच रात्री फुललेलं हवं. रात्री फूल पूर्ण उघडल्यावर मऊ ब्रशने पराग घेऊन मधल्या चांदणीसारख्या टोकावर लावा.

खताचं म्हणाल तर वाढीच्या हंगामात महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव ते अर्ध्या भागात, नत्र कमी असलेलं. थंडीत आणि कुंडी बदलल्यावर पहिले सहा आठवडे अजिबात नाही. ताजं शेणखत तर नकोच.

---

भुरा_बुंधा

रेघ ओलांडली. कापलं, चेहरा स्वच्छ लागला, वरचा भाग वाळत ठेवलाय. आता कुंडीत उरलेल्या खुंटाचं काय? कूज बाजूला होती, मुळांकडची आठ-दहा बोटं टणक आहेत.

---

कोरडी_कुंडी

तो खुंट टाकू नका, पण आधी वरचा चेहराही ठिपके जाईपर्यंत खाली तासून घ्या. खुंटाचा शेवटचा काप तिरका ठेवा म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. खपली धरेपर्यंत पाणी बंद, पाऊस लागणार नाही अशी जागा. मुळं शाबूत असतील तर ऊब असताना एक ते तीन महिन्यांत कापाच्या खालच्या एरिओलमधून फुटवे येतात, बहुधा दोन-तीन, कधी चार. सगळे ठेवले तर बुंध्यावर मेणबत्त्यांसारखे दाटतात आणि एकमेकांना ढकलतात. समोरासमोरचे दोन ठेवा. बाकीचे १० ते १५ सेंटिमीटर झाले की सांध्यापाशी कापून वेगळे लावा. तिथे खोड सगळ्यात निमुळतं असतं, जखम लहान होते आणि आठ-दहा दिवसांत वाळते.

---

भुरा_बुंधा

बाण काढायला विसरलो. आता कळायचं कसं कोणतं टोक खालचं? दोन्हीकडून कापलेला मधला तुकडा आहे.

---

त्रिधारी

काट्यांच्या गादीकडे भिंगातून बघा. सेरियसमध्ये बहुधा गादीच्या वरच्या काठाला धारेवर बारीक आडवी खाच दिसते. ती खाच ज्या बाजूला, ती वरची बाजू. तीन-चार गाद्या तपासा, एकीवर विसंबू नका.